गाईची पीयूषिका ग्रंथी: माज, गाभणपण आणि पान्हा यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"गाय माजावर येत नाही, एखादं इंजेक्शन द्या." सत्तरी असो, पेडणे असो की सांगे, दूध सोसायटीवर पशुवैद्य दिसला की ही मागणी ठरलेली. ती कालवड आहे की व्यालेली, वासराला पाजते की हाताने पिळली जाते, आधी रेतन झाले होते का, हे मात्र खोदून विचारल्याशिवाय कळत नाही. अडते ते तिथेच. माजाची संप्रेरके मेंदूखालच्या ज्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीतून सुटतात, ती ग्रंथी गाईच्या अवस्थेप्रमाणे वेगवेगळी वागते. म्हणून एकच औषध एका गाईला लागू पडते आणि त्याच गोठ्यातल्या दुसऱ्या गाईत वाया जाते. गोव्यातले गोपालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत.

पीयूषिका ग्रंथी असते कुठे आणि करते काय?

कवटीच्या तळाशी, हाडातल्या एका खळग्यात ती बसलेली असते. मोठ्या गाईतही तिचे वजन जेमतेम काही ग्रॅम. तिचा पुढचा भाग स्वतः संप्रेरके तयार करतो: बीजांडकोशावर काम करणारी एफएसएच आणि एलएच, दुधाशी संबंध असलेले प्रोलॅक्टिन, वाढीचे संप्रेरक, आणि थायरॉइड व अ‍ॅड्रिनल ग्रंथींना चालना देणारी आणखी दोन. मागचा भाग फक्त कोठार आहे. वर मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये बनलेले ऑक्सिटोसिन तिथे साठते आणि वेळ आली की रक्तात उतरते.

पुढच्या भागाला हुकूम येतो तोही हायपोथॅलॅमसकडूनच, जीएनआरएच या अवघ्या दहा अमिनो आम्लांच्या रेणूमार्फत. त्याची रचना १९७१ साली उलगडली. अँड्र्यू शॅली यांनी डुकरांच्या आणि रॉजर गिलमिन यांनी मेंढ्यांच्या मेंदूंतून अशी संप्रेरके वेगळी काढली, त्यासाठी दोघांना १९७७ चे नोबेल मिळाले. आज पशुवैद्य देतात ते ब्युसेरेलिनचे इंजेक्शन म्हणजे याच रेणूचे थोडे बदललेले रूप.

माजाच्या २१ दिवसांत या ग्रंथीत काय घडते?

गाय सरासरी २१ दिवसांनी माजावर येते. १८ ते २४ दिवसांचा फरक नेहमीचा. मधल्या दिवसांत सगळे शांत असते असा समज आहे, पण तसे नाही. एका चक्रात बीजांडकोशावर पुटकांच्या, म्हणजे ज्यांत बीज वाढते त्या पाणी भरलेल्या फोडांच्या, दोन किंवा तीन लाटा येऊन जातात. प्रत्येक लाटेच्या आधी रक्तातले एफएसएच थोडे वाढते आणि अनेक बारीक पुटके एकदम वाढू लागतात. त्यांतले एक पुढे निघते. ते इस्ट्रोजेन आणि इनहिबिन सोडून ग्रंथीतून येणारे एफएसएच खाली आणते, त्यामुळे बाकीची पुटके सुकतात. ते स्वतः मात्र तोवर एलएचवर जगायला शिकलेले असते.

पुढे त्या पुटकाचे काय होणार, हे पीतपिंडावर, म्हणजे आधीचे बीज सुटल्यावर त्या जागी तयार झालेल्या पिवळ्या गाठीवर, ठरते. पीतपिंड जिवंत असेल तर त्यातले प्रोजेस्टेरॉन हायपोथॅलॅमसवर दाब ठेवते. एलएच रक्तात सतत झिरपत नसते, त्याचे मधूनमधून झोत सुटतात. या काळात दोन झोतांमध्ये कित्येक तासांचे अंतर पडते. तेवढ्यावर पुटक पिकत नाही, ते विरून जाते आणि नवी लाट सुरू होते.

गर्भ राहिला नसेल तर १६व्या-१७व्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन सुटते, पीतपिंड आकसते, प्रोजेस्टेरॉन उतरते. एलएचचे झोत आता साधारण तासाला एक असे येऊ लागतात. पुटक फुगते, इस्ट्रोजेन वाढते, गाय हंबरते, बळस (योनीतला चिकट स्राव) टाकते. इथे जे घडते ते मला या साऱ्या विषयातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. इतके दिवस जे इस्ट्रोजेन एलएचला दाबून धरत होते, तेच आता प्रोजेस्टेरॉन बाजूला झाल्यामुळे एलएचची मोठी उसळी घडवून आणते. ग्रंथी तीच, संप्रेरक तेच, परिणाम उलटा. गाईची अवस्था न पाहता संप्रेरकाचे इंजेक्शन देणे का चुकीचे, हे यावरून ध्यानात यावे.

सकाळी माज दिसला तर रेतन संध्याकाळी करा, असे का सांगतात?

एलएचची उसळी माज सुरू होतानाच येते आणि आठ-दहा तासांत ओसरते. बीज सुटते ते त्यानंतर, माज सुरू झाल्यापासून साधारण २४ ते ३२ तासांनी. शुक्राणूंना गर्भाशयातून वर चढून तयार व्हायला काही तास लागतात. सकाळी पाहिलेल्या गाईला संध्याकाळी आणि संध्याकाळी पाहिलेल्या गाईला दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन केले की दोन्ही गोष्टींची गाठ पडते. ट्रिंबर्गर यांनी १९४८ मध्ये मांडलेला हा ठोकताळा अजून चालतो. माज नक्की कधी सुरू झाला हे तुम्ही पाहिले असेल तरच तो उपयोगी पडतो, एवढेच.

कालवड अडीच वर्षांची झाली, अजून माज नाही. ग्रंथीत दोष आहे का?

बहुतेक वेळा नसतो. कालवडीच्या पीयूषिकेत एफएसएच आणि एलएच बरेच आधी तयार असते. पण अंगात थोडेसे इस्ट्रोजेन असले तरी तिचा मेंदू लगेच एलएचचे झोत रोखतो. वयात येण्याच्या साधारण दीड-दोन महिने आधी ही पकड सैल होऊ लागते, झोत जवळजवळ येतात आणि पहिला माज दिसतो.

पकड कधी सैल व्हायची हे मेंदू वयापेक्षा वजनावर ठरवतो. मोठ्या गाईच्या वजनाच्या ५५ ते ६० टक्के वजन झाले की कालवड माजावर येते, असा ढोबळ हिशेब आहे. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर वाढलेली कालवड तिथे पोचायला उशीर लावते. तिला हवे ते खाणे, जंतांचे औषध आणि खनिज मिश्रण. वजन न भरलेल्या कालवडीला संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन माज दिसला, तरी तो टिकत नाही.

गाभण गाईत ही ग्रंथी काम थांबवते का?

एक काम मंदावते, दुसरे चालू राहते.

१५ ते १७ दिवसांचा गर्भ इंटरफेरॉन टाऊ नावाचे प्रथिन सोडून आईच्या गर्भाशयाला आपल्या असण्याची वर्दी देतो. प्रोस्टाग्लँडिन सुटत नाही, पीतपिंड टिकते, आणि प्रोजेस्टेरॉनचा दाब पुढचे नऊ महिने राहतो. एलएचचे झोत विरळ होतात. शेवटच्या महिन्यांत वारेतून येणारे भरपूर इस्ट्रोजेनही त्या दाबात भर घालते, आणि मग नुसते सुटणेच नाही तर एलएच तयार होणेही कमी होते. व्यायच्या वेळी पीयूषिकेतला एलएचचा साठा जवळपास रिकामा झालेला असतो.

एफएसएचचे तसे होत नाही. त्याचा साठा टिकून असतो आणि गाभणपणाचा शेवटचा काळ सोडला तर पुटकांच्या लाटाही येत राहतात. म्हणून क्वचित गाभण गाय माजासारखी लक्षणे दाखवते. अशा वेळी, "उलटली वाटतं," म्हणजे गर्भ न राहता पुन्हा माजावर आली, असे समजून घाईने रेतन करायला लावू नका. नळी गर्भाशयात गेली तर गर्भ पडू शकतो. आधीच्या रेतनाची तारीख सांगा आणि तपासणी करून घ्या. प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन तर गाभण नाही याची खात्री झाल्याशिवाय देऊच नये.

व्याल्यावर लगेच माजाचे इंजेक्शन का देत नाहीत?

वर सांगितलेला रिकामा साठा भरून यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात जीएनआरएच दिले तर ग्रंथीकडे सोडायला फारसे एलएच नसते. एफएसएच मात्र लवकर जागे होते. व्याल्यानंतर आठवड्या-दीड आठवड्यात पुटकांची पहिली लाट उठलेली असते.

चांगले खाणाऱ्या दुधाळ गाईत पहिले बीज बहुधा तीन-चार आठवड्यांत सुटते, पण तो माज मुका असतो. माजाची लक्षणे उघड दिसण्यासाठी मेंदूला आधी काही दिवस प्रोजेस्टेरॉन मिळालेले असावे लागते, आणि पहिल्या वेळी ते मिळालेले नसते. त्यानंतरचे चक्रही अनेकदा आठ-दहा दिवसांचे, आखूड निघते. गर्भाशय पूर्ववत व्हायला सुमारे ४० दिवस लागतात. त्यामुळे ६० दिवसांनंतर रेतन हा सल्ला योग्यच आहे. पण त्याआधीचे माज वहीत लिहून ठेवा. ४५ दिवसांत एकही माज न दिसलेली गाय तपासून घ्यायला हवी.

वासरू पाजणारी गावठी गाय इतक्या उशिरा माजावर का येते?

श्वेतकपिला ही गोव्याची नोंदणीकृत पांढरी देशी गाय, आणि तशाच इतर गावठी गाई, वासरू जवळ असल्याशिवाय पान्हा सोडत नाहीत. दिवसा वासरू मागेमागे फिरते, रात्री शेजारी असते. दोन-तीन महिने झाले तरी माज नाही, म्हणून घरच्यांना गायच वांझ झाली की काय अशी शंका येते.

एलएचचा साठा पहिल्या महिन्यात भरतो, पण पाजणाऱ्या गाईत तो सुटत नाही. वासराच्या पिण्यामुळे मेंदूत अफूच्या जातीची नैसर्गिक द्रव्ये वाढतात, इस्ट्रोजेनविषयी मेंदू पुन्हा हळवा होतो आणि जीएनआरएचचे झोत दबतात. पुटके वाढत असतात, पण पिकण्याइतके एलएच त्यांना मिळत नाही. कारण फक्त सडांना होणारा स्पर्श, असेही नाही. परके वासरू प्याले तर एवढा परिणाम होत नाही. आपले वासरू आई नजरेने आणि वासाने ओळखते, आणि ती ओळखच एलएचला रोखते. हा भाग वाचताना मला दर वेळी त्या मुक्या जनावराविषयी आदर वाटतो. तिचे शरीर आहे त्या वासराला आधी सांभाळते.

बाळंतिणीत प्रोलॅक्टिन वाढल्याने पाळी लांबते, तसेच गाईतही होत असेल असे पुष्कळ जण धरून चालतात. गाईत प्रोलॅक्टिन हे मुख्य कारण नाही. ते औषधाने खाली आणले तरी माज लवकर येत नाही.

करायचे काय? व्याल्यानंतरचा पहिला महिना वासराला मनसोक्त पिऊ द्या. त्यानंतर ते दिवसभर सोबत न ठेवता दिवसातून दोनदाच पाजायला सोडा. वासरू ४८ तास दूर ठेवले तर एलएचचे झोत वाढतात, हे प्रयोगांत दिसले आहे. पण वासरू धडधाकट हवे, त्याला वेगळे दूध आणि पाणी मिळायला हवे, आणि गाय अंगाने भरलेली हवी. हाडे दिसणाऱ्या गाईत हा उपाय चालत नाही. आपल्याकडे मे महिन्यात, डोंगरावरचे गवत संपलेले असताना व्यायलेल्या गाई बहुधा अशाच असतात. त्यांना व्यायच्या आधीचे दोन महिने पेंड आणि हिरवा चारा मिळाला तर पुढचे अर्धे काम होते.

जास्त दूध देणारी जर्सी किंवा होल्स्टीन संकर गाय उशिरा गाभण राहते. दूध हेच कारण का?

अंशतः. व्याल्यावर तिच्या पीयूषिकेतून वाढीचे संप्रेरक भरपूर सुटते आणि अंगावरची चरबी मोडून दुधाकडे वळवते. त्याच वेळी खाणे दुधाला पुरत नाही, इन्शुलिन आणि यकृतातून येणारे आयजीएफ-१ हे संप्रेरक कमी पडते. ही दोन्ही घटलेली असली की हायपोथॅलॅमस एलएचचे झोत कमी करतो आणि बीजांडकोशही आलेल्या एलएचला नीट दाद देत नाही. अंगाची झीज थांबून गाय सावरू लागली की माज परत येतो. दूध वाढले म्हणून एकदम खुराक ओतू नका, पोट बिघडेल, हळूहळू वाढवा.

पान्हा सोडायला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन रोज दिले तर काय होते?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात, म्हणून उत्तर मोठ्याने देतो: देऊ नका.

सडांना हात लागला, वासराने ढुशी दिली, नेहमीची बादली वाजली की गाईच्या पीयूषिकेच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन आपोआप सुटते. ते रक्तातून कासेत पोचते, दुधाच्या पेशींभोवतीचे बारीक स्नायू आवळते, आणि मिनिटाभरात कास भरते. त्याचा जोर काही मिनिटेच टिकतो, म्हणून एकदा बसल्यावर सलग पिळून संपवायचे. गाय भ्यायली, मार खाल्ला, अनोळखी माणूस आला की अ‍ॅड्रिनॅलिन वाढते आणि पान्हा अडतो. यावर इलाज म्हणजे शांत गोठा, ओळखीचा हात आणि ठरलेली वेळ.

ऑक्सिटोसिन दूध बनवत नाही, तयार असलेले खाली आणते. रोज टोचत गेले की कास गाईच्या स्वतःच्या ऑक्सिटोसिनला कमी दाद देऊ लागते आणि इंजेक्शनाशिवाय ती पान्हा सोडेनाशी होते. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला अपाय करणारे असे टोचणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १२व्या कलमाखाली गुन्हा आहे. १९५३ साली व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी प्रयोगशाळेत बनवलेले हे औषध पशुवैद्याच्या हातात, एखाद्या अडचणीच्या वेळी, फार मोलाचे आहे. ते तिथेच राहू द्या.

एप्रिल-मेमध्ये गाई माजच दाखवत नाहीत, असे का?

आपल्याकडे नुसते ऊन नसते, हवेत दमटपणा असतो. घाम सुकत नाही आणि गाईचे अंग तापलेले राहते. अशा वेळी एलएचचे झोत दुबळे पडतात, पुटकातले इस्ट्रोजेन कमी होते आणि माज आखूड व मुका होतो. प्रोलॅक्टिन मात्र उष्म्याने वाढते. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या उकाड्यात हेच पुन्हा दिसते. माज पहाटे आणि रात्री उशिरा बघा. गोठ्याचे छप्पर उंच ठेवा, पंखा लावा, अंगावर पाणी मारा, पाण्याचे भांडे कायम भरलेले असू द्या.

गाय सारखीच माजावर असते, हे काय?

अनेकदा बीजांडकोशावर गाठ असते. पुटक वाढते, इस्ट्रोजेन सोडते, पण एलएचची उसळी येत नाही, म्हणून ते फुटत नाही. पीयूषिकेत एलएच असते. मेंदूच इस्ट्रोजेनच्या इशाऱ्याला दाद देत नाही. म्हणून इथे जीएनआरएच खरोखर उपयोगी पडते. ते थेट ग्रंथीला हुकूम देते.

ठरल्या दिवशी रेतन करायचा इंजेक्शनांचा कार्यक्रम सगळ्या गाईंना चालतो का?

नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधून पुढे आलेल्या ओव्हसिंक पद्धतीत आधी जीएनआरएच, ७ दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, त्यानंतर सुमारे ५६ तासांनी पुन्हा जीएनआरएच आणि १६ ते २० तासांनी रेतन होते. दोन्ही वेळा उसळी घडते ती गाईच्या स्वतःच्या पीयूषिकेतल्या एलएचची. म्हणून साठा भरलेली, बीजांडकोश चालू असलेली गाय हवी. कालवडीत या पद्धतीचा गुण कमी येतो, कारण तिच्या लाटा लवकर बदलतात. माज बंद पडलेल्या गाईला आधी योनीमार्गात प्रोजेस्टेरॉनचे साधन बसवतात. ते काढले की दबलेले एलएच जोराने सुटू लागते.

रक्त तपासून एलएच मोजता येत नाही का?

मोजता येते, पण एका नमुन्यातून काहीच कळत नाही. दोन झोतांच्या मध्ये रक्त घेतले तर कमी दिसेल, झोताच्या वेळी घेतले तर जास्त. शास्त्रज्ञ दर दहा-पंधरा मिनिटांनी तासन् तास नमुने घेतात, तेव्हा चित्र उमटते. गोठ्यासाठी प्रोजेस्टेरॉनची तपासणी बरी. दहा-अकरा दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन्ही नमुने कमी निघाले, तर गाय खरोखर थांबलेली आहे. एक जास्त निघाला तर चक्र चालू आहे आणि माज तुमच्या नजरेतून सुटतो आहे.

खच्ची केलेल्या बैलात ही संप्रेरके संपतात का?

उलट वाढतात. वळूत एलएचच्या प्रत्येक झोतामागून टेस्टोस्टेरॉन चढते आणि तेच मेंदूला आवर घालते. वृषण निकामी झाले की आवर सुटतो, एलएच आणि एफएसएच दोन्ही चढतात. फक्त त्यांचे ऐकणारे कोणी उरलेले नसते.

वळू म्हणून खोंड ठेवायचा असेल तर त्याचे पहिले सहा महिने सांभाळा. दोन ते पाच महिन्यांच्या वयात एलएच काही काळ वाढते, आणि पुढे वृषण किती मोठे होणार हे त्यावर बरेचसे ठरते. तेव्हाची उपासमार नंतरच्या खुराकाने भरून निघत नाही.

गाय जुळी व्याली, एक पाडा आणि एक पाडी. पाडी ठेवावी का?

गाभणपणात दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जुळतात आणि पाड्याची संप्रेरके पाडीत जातात. अशा दहा पाडींतल्या सुमारे नऊ जणींचे बीजांडकोश आणि गर्भाशय नीट घडत नाही. पीयूषिका आपले काम करत राहिली तरी तिचे संप्रेरक जिथे लागू पडायचे ते अवयवच अपुरे असतात. पाडी लहान असतानाच पशुवैद्याकडून योनीमार्गाची खोली तपासून घ्या. तो फारच आखूड निघाला तर तिच्या माजाची वाट पाहण्यात वर्षे घालवू नका.